पत्ता नंबर ३

आमच्या घरात टीव्हीच्या रिमोटवरून कधी भांडणं झाली नाहीत. रिमोटवाला टीव्ही येईपर्यंत आम्ही भांडून दमलो होतो! आमची सगळी मारामारी झाली ती एका काळ्या नॉबवरून.

१९९२ची गोष्ट. मामा कंपनीच्या ट्रेनिंगला जर्मनीला गेला होता. येताना त्यानं आगगाडीचा सेट आणला. चावीची गाडी नाही हं, चांगली विजेवर चालणारी. एक हिरवं इंजिन, तीन डबे, तुकडे जोडून होणारा रुळांचा लंबगोल आणि एक काळा डबा. डब्यावर एकच नॉब. मधे शून्य, उजवीकडे फिरवला की गाडी पुढे, डावीकडे फिरवला की मागे. मी सहा वर्षांचा, दादा दहाचा. नॉब कुणाच्या हातात असायचा, हे सांगायला नकोच.

रडारड ऐकून मामानं पुढच्या खेपेला दुसरं इंजिन आणलं. लाल. ‘‘हे थोरल्याचं, ते धाकट्याचं. आता भांडू नका.’’ बिचारा मामा! दोन्ही इंजिनं रुळावर ठेवली, दादानं नॉब फिरवला आणि दोन्ही एकदम सुटली. थांबवला, दोन्ही थांबली. म्हणजे माझं इंजिनसुद्धा दादाच्या हुकमावर! त्यात लाल जरा जास्त पळायचं. दोन फेऱ्यांत ते हिरव्याला मागून गाठायचं आणि धडक. शेवटी बाबांनी टाइमटेबल काढलं. सोम-बुध-शुक्र लाल, मंगळ-गुरू-शनि हिरवं. रविवारी दोन्ही खोक्यात.

बाबा टेलिफोन खात्यात होते. तीन वर्षांपूर्वी ते गेले आणि माळ्यावरचा तो खोका माझ्याकडे आला. नंतर घराच्या कागदांवरून दादाचं आणि माझं थोडं वाजलं. ओरडाओरडा वगैरे काही नाही, आम्ही सभ्य माणसं. पण फोन बंद झाले. जे काही बोलायचं ते आईमार्फत, नाहीतर फॅमिली ग्रुपवर. वाढदिवसाला केकचं चित्र, दिवाळीला पणतीचं. मधल्या काळात दादानं मला वेगळा असा एकच मेसेज पाठवला, तो खोक्याबद्दल : ‘लालला हात लावू नकोस.’

लावला ना मी हात. त्याचीच ही गोष्ट.

निमित्त झालं पुतण्याचं. मेमध्ये वहिनी त्याला घेऊन आईकडे आल्या होत्या. मी त्याला कोथरूडच्या जोशी मिनिएचर रेल्वे म्युझियमला घेऊन गेलो. १९९८पासून पुण्यात आहे ते. पुण्यात राहून अजून पाहिलं नसेल तर या वीकएंडला मॉल राहू द्या. तिथं एकाच टेबलावर आख्खं शहर वसवलंय आणि त्यातून गाड्या फिरतात. पठ्ठ्या काचेला नाक लावून उभा. मग मला विचारतो, ‘‘काका, आपल्याकडे दोन इंजिनं आहेत ना? मग ती वेगवेगळी का नाही चालत?’’

मी आयटीतला माणूस. दिवसभर लोकांना ‘होऊन जाईल’ सांगण्याचा पगार घेतो. म्हटलं, ‘‘करू की!’’

आता ती वेगवेगळी का चालत नव्हती? अगदी साधं आहे. जुन्या पद्धतीत, म्हणजे नुसत्या डीसीवर, नॉब इंजिनाशी बोलतच नाही. तो रुळाशी बोलतो. एका रुळाला प्लस, दुसऱ्याला मायनस. नॉब जितका फिरवाल तितके व्होल्ट वाढत जातात, शून्यापासून बारापर्यंत. प्लस-मायनस उलटं केलं की दिशा उलटी. रुळावर जो कोणी उभा असेल त्याच्या चाकांतून करंट थेट मोटरमध्ये. तिथं निवड नाही, नकार नाही. दोन इंजिनं असोत की चार, सगळ्यांना एकच हुकूम.

हौशी लोकांनी यावर जुगाड केले नाहीत असं नाही. रूळ कापायचे, मधे प्लास्टिकचे जोड घालायचे, प्रत्येक तुकड्याला वेगळा स्विच. याला ब्लॉक म्हणतात. गाडी एका तुकड्यातून दुसऱ्यात गेली की तुम्ही धावत जाऊन पुढचा स्विच टाकायचा. म्हणजे माणूस गाडी चालवायला बसतो आणि प्रत्यक्षात बटणं चालवतो. अमेरिकेत एमआयटीच्या मॉडेल रेल्वे क्लबात (हा क्लब १९४६चा) पोरांनी टेलिफोन एक्स्चेंजचे रिले वापरून टेबलाखाली अशी काही यंत्रणा उभी केली की विचारू नका. एखादी चतुर जोडणी जमली की ते तिला ‘हॅक’ म्हणायचे. आपल्या ऑफिसात आज जो तो ‘हॅक’ सांगत फिरतो ना, तो शब्द असा आगगाडीच्या टेबलाखालून वर आलाय. कॉम्प्युटर त्यांना नंतर भेटला. हे मी बाबांना कधी सांगितलं नाही, याचं आता वाईट वाटतं. रिले म्हटल्यावर ते तासभर बोलले असते.

तर यावरचा आजचा इलाज म्हणजे डीसीसी. डिजिटल कमांड कंट्रोल. जर्मनीतल्या गीसेनच्या लेन्झ कंपनीनं १९८०च्या दशकाच्या शेवटाकडे याचा पाया घातला. मग एनएमआरए, म्हणजे अमेरिकेतली १९३५ सालची मॉडेल रेल्वेवाल्यांची संघटना, तिनं तो उचलून १९९०च्या दशकाच्या पहिल्या निम्म्यात त्याचं स्टँडर्ड केलं. स्टँडर्ड केलं हे महत्त्वाचं. त्यामुळे एका कंपनीचा कंट्रोलर आणि दुसऱ्या कंपनीचं इंजिन यांचं जमतं. मोबाइलच्या चार्जरवरून आपण किती वर्षं शिव्या घातल्या आठवा, म्हणजे कळेल.

डीसीसीत रुळावर करंट कायम पूर्ण असतो. एचओ मापाला, म्हणजे १:८७च्या गाड्यांना, साधारण पंधरा व्होल्ट. गाडी थांबलेली असली तरी रूळ जागा. आणि प्लस-मायनस सतत उलटसुलट होत असतं, सेकंदाला हजारो वेळा. गंमत अशी की निरोप त्या उलटसुलटीतच लपलेला असतो. ५८ मायक्रोसेकंदांत पलटला तर तो ‘एक’. शंभर किंवा जास्त लागले तर तो ‘शून्य’. बस. वीज पण तीच, निरोप पण तोच. वेगळी वायर नाही, रेडिओ नाही.

अशा एक-शून्यांचं पाकीट बनतं. आधी नुसत्या ‘एक’ची रांग, म्हणजे ‘ऐका हो ऐका’. मग पत्ता. मग हुकूम, म्हणजे इतक्या वेगानं अमुक दिशेला चल. शेवटी पडताळ्याचा एक आकडा. पडताळा जुळला नाही तर पाकीट कचऱ्यात. हे पाकीट रुळावरच्या प्रत्येक इंजिनाला ऐकू जातं. पण इंजिनात एक छोटी पाटी बसवलेली असते, डीकोडर. तो पत्ता वाचतो. आपला असेल तर हुकूम पाळतो, नसेल तर सोडून देतो. ऑफिसच्या ‘रिप्लाय ऑल’ मेलमध्ये आपलं नाव नसेल तर आपण जे करतो तेच.

यात एक गोष्ट मला फार आवडली. इंजिन उलट उत्तर देत नाही. साध्या डीसीसीत निरोप एकाच दिशेनं जातो. ब्लू टिक नाही, ‘ओके सर’ नाही. कंट्रोलरला माहीतच नसतं की इंजिनानं ऐकलं की नाही. चाकावर धूळ असेल, रूळ काळा पडला असेल, निरोप हुकला असेल. म्हणून कंट्रोलर काय करतो? तेच तेच परत परत सांगत राहतो. आमच्या आईसारखा.

असो. सामान जमवलं. तयार विदेशी सिस्टिमची किंमत बघून मी लॅपटॉप मिटला. मग कळलं की ही भानगड आर्डुइनोवरसुद्धा होते. तपकीर गल्लीतून आर्डुइनो मेगा, वर एक मोटर शिल्ड, वायफायचा एक तुकडा घेतला. सॉफ्टवेअर डीसीसी-ईएक्स नावाचं, फुकट. मोबाइलवर एक अॅप टाकलं की मोबाइलच नॉब! डीकोडर मात्र बाहेरून मागवावे लागले. एकाची किंमत म्हणजे चांगल्या हॉटेलात दोघांचं जेवण, स्वीट डिशसकट. दोन मागवले.

डीकोडरला रंगीत केसांसारख्या वायरी असतात आणि त्यांचे रंग ठरलेले आहेत. लाल आणि काळी रुळाकडे. केशरी आणि करडी मोटरकडे. पांढरी पुढच्या दिव्याला, पिवळी मागच्या. निळी दिव्यांची कॉमन. एवढं पाठ झालं की निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं म्हणजे एकच नियम, जो प्रत्येक पुस्तकात ठळक अक्षरांत असतो : मोटर रुळापासून पूर्ण तोडा. आता मोटर आणि रूळ यांच्यामध्ये फक्त डीकोडर पाहिजे. जुन्या इंजिनांत बरेचदा मोटरचा एक कार्बन थेट लोखंडी चासीला टेकलेला असतो आणि चासी एका रुळाला. तो संबंध राहिला तर रुळाचा करंट उलट्या दारानं डीकोडरच्या मोटरकडच्या बाजूला घुसतो. मग राम राम.

हिरव्याचं काम सुरळीत झालं. दोन वायरी तोडल्या, चार डाग दिले. (सोल्डरला बाबा डाग म्हणायचे. मीही तेच म्हणतो.) बाबांचीच सोल्डरिंगची कांडी, लाकडी मुठीची. गरम व्हायला पाच मिनिटं लागतात, पण झाली की झाली.

हिरव्याच्या यशानं डोक्यात हवा गेली. रात्रीचे साडेअकरा. दुसऱ्या दिवशी पुतण्या ठाण्याला परत जाणार. म्हटलं, लालही उरकून टाकू. तेच केलं, दिसल्या त्या दोन वायरी तोडल्या, डीकोडर जोडला. यानंतर मल्टिमीटर लावून बघायचं असतं. मोटर आणि चाकं यांच्यात बीप यायला नको. मी म्हटलं, हिरव्यात नाही आला, इथं कशाला येतोय! दुसरा नियम असा, की नवीन डीकोडर आधी प्रोग्रॅमिंग ट्रॅकवर ठेवायचा. म्हणजे रुळाचा वेगळा तुकडा, ज्यात करंट मुद्दाम कमी सोडतात. चूक असली तरी काही जळत नाही. मी मेन लाइनवर ठेवला.

फट्. आणि धुराची एक बारीक रेघ. तो वास ज्यानं एकदा घेतलाय तो विसरत नाही.

डीकोडर गेला, ठीक आहे. जेवण गेलं समजू. पण मोटर? दादाची मोटर? रात्रभर झोप नाही. सकाळी लपवाछपवी करून पुतण्याला स्टेशनवर सोडलं आणि मल्टिमीटर घेऊन बसलो. बीप येत होता. कुठून येतोय ते दिसत नव्हतं. हिरवं आणि लाल आतून सारखीच. मग हिरव्यात नाही आणि लालमध्ये का? मोटर काढायला गेलो तर ती निघेना. जोर लावायची हिंमत नव्हती. तीन दिवस इंजिन वर्तमानपत्रावर उघडं पडलेलं. बायको म्हणाली, ‘‘भावजींना फोन कर.’’ मी म्हटलं, ते काय इंजिनिअर आहेत? बँकेत आहेत ते. ती म्हणाली, ‘‘इंजिन कुणाचंय?’’

सात महिन्यांनी मी दादाला फोन केला. बोलायची प्रॅक्टिस केली होती. सगळी विसरलो. म्हटलं, ‘‘दादा, मी लाल उघडलं. आणि जाळलं. म्हणजे इंजिन नाही, आतली पाटी. पण मोटर चासीला शॉर्ट दाखवतेय आणि मला सापडत नाहीये.’’

पलीकडे शांतता. मग तो म्हणाला, ‘‘मोटर काढू नकोस. खाली तार आहे.’’

‘‘कसली तार?’’

‘‘बाबांची. तू आजारी होतास, कांजिण्या आलेल्या तुला. लाल बंद पडलं होतं. खालच्या कार्बनची पितळी पट्टी तुटली होती. बाबांनी रात्री बसून फोनची बारीक तार घेतली, कार्बनपासून थेट चासीला डाग दिला. बॅटरी मी धरली होती. वरून नाही दिसणार तुला. मोटर ओढलीस तर तार तुटेल आणि कार्बनचं घर घेऊन येईल.’’

आता बोला! हिरव्यात ती पट्टी काढून मी पुढे गेलो होतो आणि लालमध्ये ती नव्हतीच. तिच्या जागी बाबा होते.

मी म्हटलं, ‘‘मग ती तार तोडावी लागेल. त्याशिवाय डीकोडर बसणार नाही.’’

‘‘माहितीये,’’ दादा म्हणाला. मग थोड्या वेळानं, ‘‘तू नको तोडू. रविवारी येतो.’’

रविवार येईपर्यंत मी दुसरा डीकोडर मागवला आणि जेएमआरआय शिकून घेतलं. ही आपल्या आयटीवाल्यांसाठी खास भानगड, म्हणून जरा थांबतो. डीकोडरच्या सेटिंग करायचं हे एक फुकट, ओपन सोर्स सॉफ्टवेअर. त्यामागचा मुख्य माणूस रॉबर्ट जेकबसन, बर्कलेचा फिजिक्सचा शास्त्रज्ञ, फावल्या वेळात आगगाड्या. एका धंदेवाईक सॉफ्टवेअरवाल्यानं आधी त्याच्यावर पेटंटचा दावा लावून दोन लाख डॉलरच्या वर बिल पाठवलं. पुढे निघालं काय, तर त्या धंदेवाल्याच्या मालात जेएमआरआयच्याच डीकोडरच्या फाइली, करणाऱ्यांची नावं काढून! प्रकरण कोर्टात. २००८च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या फेडरल सर्किट कोर्टानं सांगितलं, की फुकट वाटलं म्हणून अटी फुकट होत नाहीत. लायसन्समधल्या अटी मोडल्या तर तो कॉपीराइटचा भंग ठरू शकतो. २०१०मध्ये तडजोड झाली आणि समोरच्याला एक लाख डॉलर द्यावे लागले. ओपन सोर्सच्या कायद्यात आजही हा निकाल दाखवतात. म्हणजे तुमच्या कंपनीची लीगल टीम ओपन सोर्स लायसन्सवरून तुम्हाला जे पिडते ना, त्याचं एक मूळ खेळण्यातल्या इंजिनांच्या सेटिंगमध्ये आहे. सोमवारी कँटीनमध्ये सांगा.

सेटिंगना सीव्ही म्हणतात. बायोडेटा नव्हे! कॉन्फिगरेशन व्हेरिएबल. नुसत्या नंबरांच्या खिडक्या, प्रत्येकीत एक आकडा. सीव्ही १ म्हणजे पत्ता. सीव्ही २ म्हणजे निघताना किती दम द्यायचा. ३ म्हणजे वेग किती सावकाश वाढावा, ४ म्हणजे किती सावकाश कमी व्हावा. ५ म्हणजे जास्तीत जास्त वेग. सीव्ही २९मध्ये बऱ्याच गोष्टी एकत्र कोंबल्यात, त्याची बेरीज-वजाबाकी करताना आमच्या ऑफिसच्या एचआर पॉलिसीची आठवण होते. सगळं बिघडवून ठेवलंत तर बऱ्याच डीकोडरमध्ये सीव्ही ८मध्ये ८ लिहायचं, तो फॅक्टरीतून आला तसा होतो.

रविवारी दादा आला. हातात चकल्यांचा डबा, वहिनींनी दिलेला. घराच्या कागदांचा विषय मी काढला नाही, त्यानंही नाही. सरळ टेबलाशी बसला, चष्मा कपाळावर चढवला. ‘‘बॅटरी धर,’’ म्हणाला. मी मोबाइलचा टॉर्च धरला. त्यानं इंजिन उलटं केलं, चाकांच्या फटीतून चिमटा घातला आणि दाखवलं. केसाएवढी तार, टोकाला डाग. छान गोल, चकचकीत, तीस वर्षांनीही. माझे डाग म्हणजे शेणाच्या गोवऱ्या.

बराच वेळ तो बघत बसला. मग म्हणाला, ‘‘कांडी दे.’’ डागावर टेकवली, शिसं वितळलं, तार सुटली. ती तार त्यानं चष्म्याच्या केसमध्ये ठेवली. आम्ही दोघंही काही बोललो नाही. मल्टिमीटर लावला. बीप नाही. चारही बाजूंनी लावला. नाही.

या वेळी प्रोग्रॅमिंग ट्रॅक. मी मघाशी म्हटलं की इंजिन उत्तर देत नाही. या एका जागी देतं. सीव्ही विचारला की डीकोडर ‘हो’ म्हणायला सहा मिलिसेकंदांपुरता थोडा जास्त करंट ओढतो. बोलायला तोंड नाही, म्हणून बहुतेक डीकोडर मोटरला एक हलका झटका देतात. दिसायला असं दिसतं, की उभ्या उभ्या इंजिनानं मान हलवली. मी लॅपटॉपवर ‘रीड’ दाबलं. लाल थरथरलं. पुन्हा थरथरलं.

‘‘जिवंत आहे,’’ दादा म्हणाला.

आता दोन्ही मेन लाइनवर. त्याआधी रुपयाचं नाणं रुळांवर आडवं टाकून बघितलं. शॉर्ट झाल्यावर सिस्टिम ताबडतोब ट्रिप झाली पाहिजे. लंबगोलात चार ठिकाणी टाकून बघायचं, कुठे ट्रिप झाली नाही तर तिथं वायरिंग कच्चं आहे. सगळीकडे झाली. मग दादानं त्याच्या मोबाइलवर अॅप घेतलं. इंजिनाचा पत्ता? नवीन डीकोडरचा असतो तोच, ३. त्यानं बोट सरकवलं.

लाल निघालं. आणि हिरवंही निघालं!

दोघं थांबलो. त्यानं बोट खाली आणलं. दोन्ही थांबली. वर नेलं. दोन्ही निघाली, आणि लाल आपलं हिरव्याला गाठायला लागलं. सगळे डीकोडर फॅक्टरीतून पत्ता ३ घेऊनच येतात आणि मी शहाण्यानं हिरव्याचा बदललाच नव्हता. इतकी वायरिंग, एवढे पैसे, एवढी रात्रीची जागरणं, आणि आम्ही परत १९९२मध्ये. दादा इतका हसला की आई आतून बघायला आली. ‘‘काय रे, परत भांडताय?’’

मग सीव्ही १. दादानं लालला ७ दिला, त्याचा शाळेतला रोल नंबर. माझा ३४. आणि गाडी सुटली. दोन गाड्या, दोन मोबाइल, एक रूळ. मधे एक बाजूची लाइन आहे, सांधा हातानं बदलायचा. मी हिरवं आत घ्यायचो, तो लाल सरळ काढायचा. मग उलट. त्यानं सीव्ही ४ वाढवून ठेवला, म्हणजे मोबाइलवर शून्य केलं तरी लाल फूटभर घसरत जातं, खऱ्या गाडीसारखं. त्या फूटभरात दोनदा टक्कर झाली. चूक कुणाची यावर चर्चा झाली. दीड तास.

संध्याकाळी पुतण्याला व्हिडिओ कॉल लावला. त्यानं पाच मिनिटं बघितलं आणि म्हणाला, ‘‘दोन्ही इंजिनं एका गाडीला जोडता येतात का? घाटात लावतात तशी?’’

येतात. त्याला कन्सिस्ट म्हणतात, सीव्ही १९मध्ये दोघांनाही एकच सामाईक पत्ता द्यायचा. मग एका बोटावर दोन्ही.

दादा माझ्याकडे बघायला लागला. ‘‘एवढा खर्च करून वेगळी केली ना?’’

पण लालला पळायची हौस. नुसते जोडले तर ते हिरव्याला फरफटत नेणार. त्यासाठी लालचा सीव्ही ५ कमी करायचा, हिरव्याचा २ थोडा वाढवायचा, रिकाम्या लंबगोलावर दोघांच्या फेऱ्या घड्याळ लावून मोजायच्या, आकडे लिहायचे, परत मोजायच्या. सव्वासात झाले आणि दादाची गाडी चुकायची वेळ झाली. आकड्यांचा कागद तो खिशात घालून गेला.

लालची एक फेरी ११ सेकंद, हिरव्याची १४. पुढच्या रविवारी बघू.